शेरा निरंक

खालच्या ठाण्यावरचा मापक काही मुका नव्हता. बोलायला समोर कुणीतरी लागतं, एवढीच त्याची अडचण होती. दरीच्या तळाशी दोन खोल्यांचं ठाणं, पुढ्यात नदी, नदीत रोवलेली रंगवलेली मोजपट्टी आणि दोनशे दहा पायऱ्या चढून गेलं की वर पूल. पुलावरून गाड्या जात, पण जात म्हणजे जातच. इथं थांबायचं कुणाला काय कारण? सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, असं तीनदा पट्टीवरचं पाणी वाचायचं, आधी कागदी नोंदवहीत लिहायचं, मग खात्यानं दिलेल्या लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरायचं आणि ‘पाठवा’ दाबायचं. एकोणीस वर्षं तो हे काम नाकासमोर बघून करत आला होता.

शहरात त्याचे भाऊ-वहिनी होते. दोन महिन्यांनी सुटी मिळाली की तो तिकडे जाई. वहिनी मनानं वाईट नव्हती, पण घरचे सगळे आपापल्या टवका उडालेल्या मगातून चहा प्यायचे आणि त्याला मात्र कपाटातली कपबशी निघायची. पाहुण्यांची. पहिल्यांदा त्याला ते मानाचं वाटलं. मग एकदा पुतणीनं विचारलं, “काका, तुम्ही परत कधी जाणार?” पोरीच्या मनात काही नव्हतं, तिची खोली अडली होती इतकंच. त्यानंतर तो दोन दिवसांची सुटी दीड दिवसात उरकू लागला.

त्याला एकाच गोष्टीचा गर्व होता. नोंदवहीत त्याची एकही दुरुस्ती नव्हती. खात्याचा नियम असा, की चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी खरं ते लिहायचं, सही करायची आणि दुरुस्तीपत्रक भरून धाडायचं. शेजारच्या ठाण्यावर त्या तारखेला जो माणूस कामावर असेल, त्याची त्या पत्रकावर सही लागे, कारण पाणी एकच आणि मोजणारे दोन. मग तो माणूस बदलून गेलेला असो की घरी बसलेला, कागद त्याच्या दारापर्यंत जाई आणि सही घेऊन परत येई. दुसरी माणसं वर्षाला दहा-दहा पत्रकं भरत. ह्यानं एकही भरलं नव्हतं. अंदाजानं एक आकडा लिहिला नव्हता.

तक्त्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना होता. पाणी गढूळ आलं, ओंडका अडकला, पट्टीचा रंग उडाला, असलं काही तिथं लिहायचं. ऐंशी अक्षरं मावत. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. पंधरा वर्षं त्याचा रकाना बहुतेक निरंकच होता.

मग वरच्या ठाण्यावर एक बाई बदलून आल्या. वरच्या ठाण्यापासून इथवर पाण्याला नऊ तास लागत, म्हणजे त्यांचं सकाळी आठचं पाणी ह्याच्याकडे संध्याकाळी पाचला पोचे. दोन्ही ठाण्यांचे शेरे एकमेकांना दिसत. पहिल्याच आठवड्यात बाईंचा शेरा आला, ‘सकाळी पाणी पाठवलंय. पोचल्याचं कळवा.’ ही काय थट्टा, म्हणून तो तासभर धुसफुसला. पाच वाजता मात्र त्यानं लिहिलं, ‘पोचलं.’

तेव्हापासून रोज. चार वर्षं. ‘आजचं पाणी जरा थंड आहे, जपून.’ ‘पोचलं. हात घालून पाहिला, खरं आहे.’ एकदा बाईंनी लिहिलं, ‘पाय घसरला. माझी डावी चप्पल तुमच्याकडे निघाली आहे. अडवा.’ चप्पल नऊ तासांत आली नाही, तिसऱ्या दिवशी मोजपट्टीला अडकलेली सापडली. त्यानं ती धुतली, वाळवली आणि खिडकीत ठेवली. ‘चप्पल ताब्यात. उजवीची वाट पाहतो आहे,’ असं लिहिल्यावर बाईंचं उत्तर आलं, ‘ती मी देणार नाही. डावी तुम्हीच कधी भेटून परत करा.’ भेट काही झाली नाही. दोघांची ठाणी एकाच वेळी सोडता येत नसत. दरीत फोन लागत नसे, आणि खात्याच्या उपग्रह-अँटेनावरून लॅपटॉपवरचा तक्ता तेवढा जाई-येई. ती ‘वरच्या बाई’ आणि तो ‘खालचे’, एवढीच ओळख. पण दिवसातली ती ऐंशी अक्षरं लिहायला तो दुपारपासून मनात शब्द जुळवत बसे, हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं. सांगायला होतंच कोण म्हणा.

आणि मग लॅपटॉपची बॅटरी बसायला लागली.

ठाण्याला वीज नव्हती. छपरावर सौर पॅनेल होतं आणि दरीत ऊन यायचं अकरा ते दोन. तेवढ्या वेळात लॅपटॉप भरायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरवायचा. पूर्वी पुरे. आता दोनला शंभर टक्के दाखवणारी बॅटरी तास-सव्वा तासात मान टाकायची. दोनदा संध्याकाळची नोंद गेली नाही आणि ऑफिसातून ताशेरा आला, ‘दोन नोंदी गहाळ.’ नवी बॅटरी मागितली तर उत्तर, मंजुरी यायची आहे. तोवर सोबत जोडलेलं परिपत्रक वाचावं. बॅटरी जास्त वेळ आणि जास्त वर्षं टिकण्यासाठी नऊ कलमं.

मापकानं ते परिपत्रक भिंतीला चिकटवलं आणि पोथीसारखं पाळलं. स्क्रीनचा उजेड कमी करावा, म्हटलं होतं; त्यानं तो इतका कमी केला, की डोक्यावरून टॉवेल घेतल्याशिवाय अक्षर दिसेना. बॅटरी शंभर टक्के भरून ठेवू नये, ऐंशीला थांबवावी, आणि वीसच्या खाली उतरू देऊ नये. तो टॉवेलाच्या तंबूत बसून आकड्यावर पहारा करू लागला. यंत्र तापू देऊ नये. त्यानं लॅपटॉप दोन विटांवर ठेवला, म्हणजे खालून वारा खेळेल. जाळीतली धूळ दाढीच्या ब्रशानं काढली, आणि मग दाढी त्याच ब्रशानं केली, कारण दुसरा नव्हता. नुसतं झाकण मिटवू नये, काम झालं की पूर्ण बंद करावं. तेही केलं. सव्वा तासाचे दोन तास झाले. माणसाला इतका आनंद एकट्यानं झाला तर तो वाया जातो, पण त्याच्याजवळ शेरा होता. ‘बॅटरी वठणीवर येते आहे,’ त्यानं लिहिलं. ‘तिला सांगा, माझे गुडघेही वठणीवर आणावेत,’ बाईंचं उत्तर आलं.

त्याच आठवड्यात बाईंनी एक वेगळा शेरा टाकला. ‘इथं यंत्र बसणार. माणूस नको. तीस तारखेला माझी निवृत्ती.’

त्यानं तो टॉवेलाखाली चार वेळा वाचला. काय लिहावं? वाईट वाटलं, असं लिहायला त्याला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. पाच वाजून गेले, बॅटरी तेवीसवर आली आणि घाईघाईत त्यानं लिहिलं, ‘बरं झालं. आता आकडे तरी वेळेवर येतील.’ बाईंचे आकडे नेहमी दहा मिनिटं उशिरा येत, त्यावरून दोघांची जुनी थट्टा होती. पाठवल्यावर लक्षात आलं, की आज ही थट्टा नव्हती.

आणि आता ऐका, त्यानं आणखी काय केलं ते. मन रमवायला तो परिपत्रकाकडे वळला. सातवं कलम तेवढं राहिलं होतं: मागे आपोआप चालणारी कामं बंद करावीत. त्यानं सेटिंग उघडली. तिथं ‘सिंक’ नावाचं काहीतरी सदान्‌कदा चालू असलेलं दिसलं. त्यानं ते बंद केलं. अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

आकडे जायचे, तसे जात राहिले. ‘पाठवा’ दाबलं की पोच यायची, आणि पोचेबरोबर वरच्या ठाण्याचे आकडेही यायचे. पण शेरे यायचे त्या सिंकच्या वाटेनं. ही गोष्ट परिपत्रकात नव्हती आणि त्याला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंचा आकडा आला, शेरा नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. ‘पोचलं,’ त्यानं लिहिलं. ‘पोचलं.’ ‘पोचलं.’ पलीकडे चिडीचूप. बाईंना राग आला, आणि येणारच. चार वर्षं बोलणाऱ्या बाईला निरोपाच्या वेळी बरं झालं म्हणतोस, गाढवा. पाचव्या दिवशी त्यानं मान खाली घालून लिहिलं, ‘गमतीनं बोललो. राग मानू नये.’ तीन दिवस वाट पाहिली. रकाना कोरा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्रात काही बिघडलंय का बघू. पण ज्याला पाहुण्यांच्या कपातून चहा प्यायची सवय झाली, त्याला माणसानं पाठ फिरवली तर फारसं नवल वाटत नाही. त्याला ते लगेच पटलं. नवव्या दिवशी त्यानं शेऱ्यात लिहिलं, ‘निरंक.’

मग रोजच निरंक. सिंक बंद केल्यापासून बॅटरी दोन तास पाच मिनिटं टिकत होती. त्या तासांत करायला मात्र काही उरलं नव्हतं.

तीस तारीख आली. बाराचं पाणी वाचून तो आत आला, लॅपटॉप विटांवर चार्जिंगला लावला आणि टॉवेलाखाली शिरणार, इतक्यात वरून हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर पुलावर एक पांढरी गाडी थांबलेली. कठड्याशी हिरवी छत्री घेतलेलं कुणीतरी उभं. चेहरा काही इतक्या खालून दिसेना. छत्री हलली. हॉर्न पुन्हा वाजला. सहलीची माणसं, त्यानं ठरवलं. अशी माणसं वर्षातून एकदोनदा येत, नदीचे फोटो काढत आणि मग पायऱ्या उतरून संडास कुठे आहे, विचारत. आज त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं. आज तिकडे कुणाचं तरी सामान बांधून झालं असेल, कुणीतरी शेवटचं पाणी मोजून पट्टीकडे पाहिलं असेल, आणि आपण त्यात कुठेच नाही, हेच दिवसभर त्याच्या डोक्यात होतं. त्यानं खिडकीचं दार लावून घेतलं.

पुन्हा उघडलं तेव्हा पूल रिकामा होता. पुलावर वाहन थांबलं तर नोंद करायची, असा नियम होता. त्यानं नोंदवहीत लिहिलं, ‘दु. १२ नंतर पुलावर अनोळखी वाहन. दहा मिनिटे थांबले.’ घड्याळ काही त्यानं पाहिलं नव्हतं. दहा असतील, असं वाटलं.

एक तारखेपासून वरच्या ठाण्याचे आकडे ठोक्याला येऊ लागले. दशांशाच्या दोन घरांपर्यंत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मंजुरी मिळाली आणि खात्याचा दुरुस्तीवाला नवी बॅटरी घेऊन दोनशे दहा पायऱ्या उतरला. गोल पोटाचा, तोंडानं सैल माणूस. पायऱ्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच तो आत आला आणि लॅपटॉप उघडून थबकला.

“अहो, हा चालू आहे का बंद?”

“चालू आहे. टॉवेल घ्या डोक्यावर.”

“डोळे शाबूत आहेत ना तुमचे?” त्यानं उजेड वाढवला तशी खोली उजळली. पाठ उघडून त्यानं पंखा पाहिला. “हे मात्र छान ठेवलंय. धूळ नाही, जाळं नाही. एवढं कुणी करत नाही हो. बाकीचे बॅटरी मेली की यंत्राला चापट्या मारतात.” नवी बॅटरी बसवून त्यानं सेटिंग उघडली. “आणि हे काय? सिंक कशाला मारून टाकलं?”

“बॅटरी वाचवायला. सातवं कलम.”

“त्यानं काय वाचतंय? पाच मिनिटं. फार तर.” असं म्हणत त्यानं ते चालू केलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा उमटला. तीन, अकरा, सव्वीस. एकेचाळीसवर थांबला.

“बघा, किती साठलंय,” दुरुस्तीवाला म्हणाला. “काय आहे एवढं?”

मापकानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तो वाचत होता, आणि कित्येक आठवड्यांनी टॉवेलाशिवाय.

पहिला शेरा त्या थट्टेच्या दुसऱ्या दिवशीचा होता. ‘हसले. ह्यावर तुम्ही हेच लिहिणार, ठाऊक होतं.’ मग, ‘राग कसला? चार वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा दुखवायला घाबरलात. बरं वाटलं.’ मग काही दिवस पाण्याबद्दल. मग, ‘निरंक? काय झालं?’ त्याखाली, ‘बरे आहात ना?’ त्याखाली, ‘आजारी असाल तर नुसतं हो लिहा.’ ज्या दिवशी तिनं हे लिहिलं, त्या दिवशी ह्यानं काय पाठवलं होतं, ते त्याला नोंदवहीत बघायची गरज नव्हती.

शेवटून दुसरा शेरा एकोणतीस तारखेचा होता. ‘उद्या बाराला पुलावर थांबते. गुडघ्यांमुळे उतरणार नाही. वर या. चप्पल आणा.’

शेवटचा तीस तारखेचा, सकाळी आठचा. ‘पत्ता भेटल्यावर देते. नाही आलात तर समजेन, शेऱ्यापुरतंच बरं होतं.’

खिडकीत चप्पल होती. दुरुस्तीवाल्यानं ती मघाशीच पाहिली होती. हा एकटा माणूस एका पायाची बायकी चप्पल खिडकीत का ठेवतो, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण मापकाच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं स्वतःच उठून चहा टाकला.

“निवृत्त झालेल्या माणसाचा पत्ता मिळेल का ऑफिसात?” मापकानं विचारलं.

“छे. कुणाचाच देत नाहीत. सख्ख्या भावाला देणार नाहीत.” दुरुस्तीवाल्यानं एक घोट घेतला. “का हो? काही राहिलं का द्यायचं?”

“हो,” मापक म्हणाला.

बैल गेला अन् झोपा केला, असं वहिनी म्हणाली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं. मापक त्या दिवशी पाचचं पाणी वाचायला गेला तो पट्टीशेजारी बराच वेळ उभा राहिला. तिनं छत्री हलवली होती. त्याला वाटलं होतं, वाऱ्यानं हलली. ती त्याला दिसली होती, चार वर्षांत एकदाच, आणि त्यानं दार लावून घेतलं होतं. त्याला रडू आलं, आणि कुणी बघणारं नसल्यामुळे त्यानं ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नोंदवही उघडली. तीस तारखेच्या पानावर एकोणीस वर्षांतली पहिली रेघ मारली. सरळ, पट्टी लावून. मग पेटीच्या तळाशी पडलेला दुरुस्तीपत्रकांचा गठ्ठा काढला. कागद कडेनं पिवळे पडले होते. जुन्या नोंदीच्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘अनोळखी वाहन.’ दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, ‘वाहन ओळखीचे होते. मापक वर गेला नाही.’ कारणाच्या रकान्यात, ‘बॅटरी वाचवण्यासाठी सिंक बंद ठेवले होते. एकेचाळीस शेरे काल मिळाले. चप्पल ताब्यात आहे.’ सही केली. खाली छापलेलंच होतं: त्या तारखेस शेजारच्या ठाण्यावर कामावर असलेल्या व्यक्तीची सही. ऑफिसातला कारकून पत्रकं वाचत नाही, पाठवतो, हे सगळ्या खात्याला माहीत होतं.

कागद गेला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नवी बॅटरी सहा तास चालत होती आणि तो उगीचच यंत्र उघडं ठेवत होता, सिंक चालू, उजेड पूर्ण. वरच्या ठाण्याचा शेऱ्याचा रकाना रोज कोरा यायचा. यंत्राला निरंक लिहायचंही सुचत नाही.

चौथ्या आठवड्यात रसदीच्या गाडीबरोबर पाकीट आलं. त्याचंच पत्रक. खाली सही, बारीक आणि तिरकी. चार वर्षांत तिचं हस्ताक्षर त्यानं पहिल्यांदा पाहिलं. सहीच्या वर लिहिलं होतं:

‘दुरुस्ती अपुरी. वाहन दहा मिनिटे नव्हे, पाऊण तास थांबले होते. मी घड्याळ बघत होते. नोंद अंदाजाने करू नये.’

त्यानं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पाऊण तास. त्या गुडघ्यांवर.

मग त्यानं नोंदवही काढली, ‘दहा’वर सरळ रेघ मारली, शेजारी ‘पंचेचाळीस’ लिहिलं आणि सही केली. ह्या दुरुस्तीलाही पत्रक लागणार होतं, आणि तेही तिच्याच सहीला जाणार होतं. नियमच होता तसा. नवा कागद समोर ओढून त्यानं पहिले दोन रकाने भरले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘खिडकी लावून घेतली होती.’ एवढं लिहून त्याचा हात थांबला. का लावून घेतली होती, ते सांगायला हवं होतं. वहिनीच्या कपबशीपासून सांगायला हवं होतं. रकान्यात जागा नव्हती, पण कागदाला ऐंशी अक्षरांची अट नव्हती. त्यानं पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसला.